चूक काळाची नव्हती

एप्रिल १५२९. जर्मनीत ऱ्हाईनकाठच्या श्पायर गावात साम्राज्यसभा भरली होती. ल्यूथरच्या मताच्या राजांना आणि शहरांना तीन वर्षांपूर्वी मिळालेली मोकळीक काढून घ्यायचा ठराव कॅथलिक बहुमतानं मंजूर केला. तेव्हा ६ राजे आणि १४ शहरांनी लेखी निषेध नोंदवला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : देवाचा मान आणि आत्म्याचं तारण या बाबतींत ज्याला त्याला स्वतः देवापुढं उभं राहून जाब द्यायचा असतो, तिथं बहुमताचा ठराव चालत नाही. ‘प्रोटेस्टंट’ हा शब्द याच निषेधातून आला. राजदरबारात इतकं स्वच्छ काही क्वचितच कुणी लिहून दिलं असेल.

त्याच सभेनं, त्याच आठवड्यात, आणखी एक फर्मान काढलं. मोठेपणी पुन्हा बाप्तिस्मा घेणारा कुणीही असो, बाई असो वा पुरुष, त्याला तलवारीनं, आगीनं किंवा दुसऱ्या कुठल्या रीतीनं ठार मारावं. त्यासाठी धर्मपीठाकडून आधी चौकशी व्हायचीही गरज नाही. या फर्मानाला कॅथलिकांची मान्यता होती आणि निषेध करणाऱ्यांचीही होती. आपल्या अंतःकरणावर कुणाचा हुकूम चालणार नाही असं सांगणाऱ्यांनी दुसऱ्याच्या अंतःकरणासाठी मृत्युदंड मान्य केला, आणि या दोन गोष्टींत काही विसंगत आहे असं त्यांतल्या बहुतेकांना वाटलं नाही.

आपल्याकडे शाळेत धर्मसुधारणा शिकवली जाते ती दोन पानांत. पापक्षमेची पत्रं विकणारं भ्रष्ट चर्च, त्याविरुद्ध उभा राहिलेला ल्यूथर, मग मुद्रणकला, मग व्यक्तिस्वातंत्र्य, मग आधुनिक युग. न्यायमूर्ती रानड्यांनी आपल्या संतांच्या चळवळीची तुलना युरोपातल्या या प्रोटेस्टंट सुधारणेशी केली, तेव्हापासून तर मराठी मनात तिला घरचं स्थान मिळालं. मला या सरळ रेषेबद्दल तक्रार आहे. अंतःकरणाचं स्वातंत्र्य युरोपला विजयी सुधारकांनी दिलं नाही. ज्यांना त्या सुधारकांनी बुडवलं, जाळलं, गावाबाहेर हाकललं, त्यांच्याकडून आणि त्यांच्या बाजूनं बोललेल्या थोड्या माणसांकडून ते आलं. आणि ‘तो काळच तसा होता’ ही जी सबब आपण लगेच पुढं करतो, ती खरी नाही. हे मी पुढं दाखवणार आहे.

ल्यूथरपासूनच सुरुवात करू, कारण त्याच्यावर अन्याय करायचा नाही. १५१७ मध्ये विटेनबर्गच्या या भिक्षूनं ९५ मुद्दे मांडले तेव्हा विकल्या जाणाऱ्या पत्रांचा निम्मा पैसा रोममधल्या सेंट पीटरच्या बांधकामाला आणि निम्मा माइन्झच्या आर्चबिशपाचं फुगर पेढीचं कर्ज फेडायला जात होता. १५२१ मध्ये व्होर्म्स इथं सम्राटासमोर तो उभा राहिला आणि म्हणाला की माझं अंतःकरण देवाच्या वचनाशी बांधलेलं आहे, त्याविरुद्ध वागणं मला जमणार नाही. पुढच्या वर्षी त्याचा जर्मन नवा करार छापून आला. १५२३ मध्ये राजसत्तेच्या मर्यादांवर लिहिताना त्यानं एक वाक्य लिहिलं, ते माझ्या मते त्याच्या ९५ मुद्द्यांहून मोठं आहे : पाखंड ही आत्म्यातली गोष्ट आहे, ती लोखंडानं तोडता येत नाही, आगीनं जाळता येत नाही, पाण्यात बुडवता येत नाही.

दोनच वर्षांनी शेतकरी उठले. मेमिंगेनमध्ये त्यांनी १२ मागण्या लिहून काढल्या. पहिली मागणी, आमचा पाळक आम्ही निवडू. तिसरी, आम्हाला वेठीनं बांधून ठेवू नका, कारण ख्रिस्तानं आपलं रक्त सांडून सगळ्यांना सोडवलं आहे, मेंढपाळालाही आणि थोरामोठ्यांनाही. ही भाषा ते ल्यूथरकडूनच शिकले होते. उठाव पेटला, वाडे आणि मठ लुटले गेले, आणि ल्यूथरनं राजांना लिहिलं की यांना कापा, भोसका, ठार करा. मेलेल्यांचा आकडा अभ्यासक ७० हजारांपासून १ लाखापर्यंत धरतात. पुढं १५३१ मध्ये त्याचा सहकारी मेलांख्थन यानं पुनर्बाप्तिस्मावाल्यांना मृत्युदंड योग्य ठरवणारा अभिप्राय लिहिला, तेव्हा ल्यूथरनं त्यावर आपली संमती लिहून दिली. पाखंड पाण्यात बुडत नाही, हे आठ वर्षांपूर्वी त्यानंच लिहिलं होतं.

आता झुरिकला जाऊ, कारण ही गोष्ट जवळून बघायची तर तिथंच बघावी लागते.

झुरिकमध्ये सुधारणा एका खाण्यावरून सुरू झाली. १५२२ च्या उपवासकाळात फ्रोशाउअर नावाच्या छापखानेवाल्याच्या घरी दमल्याभागल्या कामगारांनी सॉसेज खाल्ले. ग्रोसम्युन्स्टर या मुख्य चर्चचा उपदेशक उलरिख झ्विंग्ली तिथं हजर होता. त्यानं स्वतः खाल्लं नाही, पण खाणाऱ्यांची बाजू व्यासपीठावरून घेतली. शास्त्रात जे नाही ते माणसावर लादता येत नाही, हे त्याचं सूत्र. त्याच्याभोवती शहरातली हुशार पोरं जमली. कोनराड ग्रेबेल हा बड्या घरातला, फेलिक्स मान्त्स हा हिब्रूचा जाणकार. ही मुलं झ्विंग्लीबरोबर ग्रीक वाचत होती. त्यांनी गुरूचंच सूत्र हातात घेतलं आणि विचारलं की तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा द्या असं नव्या करारात कुठं आहे? ज्याला कळतं, जो स्वतः विश्वास ठेवतो, त्यानंच बाप्तिस्मा घ्यावा, असं आम्हाला त्यात दिसतं.

खरा तडा मात्र त्याआधीच गेला होता. १५२३ च्या ऑक्टोबरात मिस्सा, म्हणजे कॅथलिक चर्चमधली मुख्य उपासना, आणि मूर्ती यांवर भर सभेत चर्चा झाली. मिस्सा शास्त्राला धरून नाही यावर एकमत होतं. ती कधी बंद करायची, हे नगरसभा ठरवील, असं झ्विंग्ली म्हणाला. तेव्हा जवळच्या होंग गावचा पाळक सिमोन श्टुम्फ उठला आणि म्हणाला, हा निर्णय नगरसभेच्या हाती द्यायचा तुम्हाला अधिकारच नाही. निर्णय देवाच्या आत्म्यानं आधीच दिला आहे. पुढची सगळी शोकांतिका त्या एका क्षणात साठलेली आहे. पोपच्या हातून काढून घेतलेली धर्माची किल्ली झ्विंग्लीनं नगरसभेच्या हाती दिली.

१५२५ च्या जानेवारीत नगरसभेनं हुकूम काढला की ज्यांची बाळं बाप्तिस्म्यावाचून आहेत त्यांनी आठ दिवसांत तो उरकावा, नाहीतर गाव सोडावं. २१ जानेवारीच्या रात्री मान्त्सच्या आईच्या घरी दहा-पंधरा माणसं जमली. गेओर्ग ब्लाउरोक नावाच्या माजी पाद्र्यानं ग्रेबेलला म्हटलं, मला बाप्तिस्मा दे. ग्रेबेलनं दिला. मग ब्लाउरोकनं बाकीच्यांना दिला. घराच्या खोलीत साध्या पाण्यानं झालेली ही कृती. वर्षभरानं, मार्च १५२६ मध्ये, तिच्यासाठी नगरसभेनं बुडवून मारण्याची शिक्षा ठरवली.

५ जानेवारी १५२७, शनिवारची दुपार. मान्त्सला कैदेतून काढून मासळी बाजारापाशी आणलं आणि होडीत बसवून लिमात नदीच्या मध्यावर नेलं. तिथं कोळ्यांची एक झोपडीवजा माची होती. त्याचे हात बांधून गुडघ्यांवरून खाली ओढले आणि कोपर व गुडघे यांच्या मधून एक काठी आरपार सरकवली, म्हणजे हात सुटून पोहता येऊ नये. काठावर त्याची आई आणि भाऊ उभे होते. माघार घे, असं ती म्हणाली नाही. डगमगू नकोस, असं ती ओरडून सांगत होती. त्यानं मोठ्यानं लॅटिनमध्ये म्हटलं, “हे प्रभू, मी माझा आत्मा तुझ्या हाती सोपवतो,” आणि त्याला पाण्यात ढकललं. हे वर्णन लिहून ठेवणारा हाइनरिख बुलिंगर हा झ्विंग्लीचा वारसदार, म्हणजे मान्त्सच्या विरोधकांतला. त्यालाही त्या आईचे शब्द गाळावेसे वाटले नाहीत. ब्लाउरोक झुरिकचा नागरिक नव्हता, म्हणून त्याच दिवशी त्याला फटके मारत वेशीबाहेर काढलं. दोन वर्षांनी टिरोलमध्ये कॅथलिक सत्तेनं त्याला जाळलं. या लोकांना मारण्यात कॅथलिक राजवटींचा वाटा मोठाच होता, हेही इथं सांगायला हवं.

नगरसभेला इतकं भय कशाचं वाटलं असेल? बाप्तिस्मा हा त्या काळी नुसता संस्कार नव्हता. जन्मलेलं मूल त्यातून एकाच वेळी चर्चमध्ये आणि शहरात दाखल होत असे. शहर म्हणजेच मंडळी, मंडळी म्हणजेच शहर. मान्त्सच्या मंडळींना हे गणितच मान्य नव्हतं. त्यांतले पुष्कळजण शपथ घ्यायला आणि तलवार उचलायला नकार देत, आणि शहराचा कारभार तर नागरिकांच्या शपथेवर उभा होता. खेडोपाडी चर्चचा दशांश कर द्यायला लोक कुरकुरत होते, त्या असंतोषाशीही हे नाव जोडलं गेलं. भोवतीचे कॅथलिक परगणे टपून होते. झ्विंग्ली स्वतः १५३१ मध्ये काप्पेलच्या लढाईत त्यांच्याच हातून मेला. म्हणजे त्याची भीती खोटी नव्हती. पण खरी भीती वाटली म्हणून पंचविशी-तिशीतल्या जुन्या विद्यार्थ्याला काठीत अडकवून नदीत ढकलायचा अधिकार मिळतो का? मला तसं वाटत नाही, आणि ज्यांना तसं वाटत नव्हतं अशी माणसं तेव्हाही होती.

आता जिनिव्हा. मिगेल सर्वेटस हा स्पेनमधल्या आरागोनचा डॉक्टर. हृदयाकडून फुप्फुसात जाऊन रक्त परत कसं येतं, हे युरोपात छापून आणणारा पहिला माणूस, आणि तेही एका धर्मग्रंथात. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, ही त्रैक्याची शिकवण शास्त्रात नाही, असं त्याचं मत होतं. फ्रान्समधल्या व्हिएन गावात कॅथलिकांनी त्याला पकडलं. त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून जी पत्रं पोचली, ती जिनिव्हाहून, तिथला प्रोटेस्टंट सुधारक कॅल्व्हिन याच्या संग्रहातून आली होती. तो तुरुंगातून निसटला, तेव्हा कॅथलिकांनी त्याचा पुतळा जाळला. ऑगस्ट १५५३ मध्ये तो जिनिव्हात ओळखला गेला आणि प्रोटेस्टंटांनी त्या माणसालाच जाळलं. तारीख २७ ऑक्टोबर, जागा शहराबाहेरची शाम्पेलची टेकडी. जाळण्याऐवजी शिरच्छेद करावा, असं कॅल्व्हिननं सुचवलं होतं. नगरसभेनं ते मानलं नाही. मरताना तो म्हणाला, “येशू, शाश्वत देवाच्या पुत्रा, माझ्यावर दया कर.” ‘देवाच्या शाश्वत पुत्रा’ असं त्यानं म्हटलं असतं तर त्यात त्रैक्याची कबुली आली असती. एका विशेषणाची जागा बदलायला तो आगीतही तयार झाला नाही.

त्याच टेकडीवर १९०३ मध्ये एक दगड उभारला गेला. उभारणारे कॅल्व्हिनचेच अनुयायी, आणि त्यांचा हेतू चांगला होता. त्यावर कोरलं आहे की आम्ही कॅल्व्हिनचे आदर बाळगणारे, कृतज्ञ पुत्र आहोत, पण जी चूक त्याच्या शतकाची होती तिचा निषेध करतो. माझं भांडण या ओळीशी आहे. शतकाची चूक! म्हणजे जणू त्या शतकात दुसरं कुणी काही म्हणतच नव्हतं.

म्हणत होते. त्यांतला एक होता सेबास्टियन कॅस्टेलियो. सॅव्हॉय प्रांतातल्या एका खेड्यातला शेतकऱ्याचा मुलगा, कॅल्व्हिनच्याच जिनिव्हात शाळेचा प्रमुख झाला, मतभेदामुळं बाहेर पडला. बाझेलमध्ये त्यानं काही वर्षं इतक्या हलाखीत काढली की छापखान्यात मुद्रितं तपासावीत, आणि ऱ्हाईनला पूर आला की वाहून आलेली लाकडं आकड्यानं ओढून सरपण करावं. पुढं विरोधकांनी त्या लाकडांवरून त्याला चोर म्हटलं. सर्वेटसला जाळल्यावर पाच महिन्यांत, १५५४ च्या मार्चमध्ये, त्यानं टोपणनावानं एक पुस्तक काढलं. पाखंड्यांना छळावं का, हा त्याचा विषय. त्यात त्यानं ल्यूथरचा १५२३ मधला तो उतारा घातला, आणि कॅल्व्हिनचं स्वतःचं जुनं लेखनही घातलं. मी पुष्कळ शोधलं, तो म्हणतो, पाखंडी म्हणजे कोण. मला इतकंच सापडलं की ज्याचं मत आपल्याशी जुळत नाही त्याला आपण पाखंडी म्हणतो. एका गावात खरा भाविक असलेला माणूस शेजारच्या गावात पाखंडी ठरतो. म्हणून आज ज्याला जगायचं असेल त्यानं जितकी गावं तितके धर्म खिशात बाळगावेत, प्रवासी जागोजागी नाणी बदलून घेतो तसे.

कॅल्व्हिननं सर्वेटसच्या शिक्षेचं समर्थन लिहिलं, त्याला कॅस्टेलियोनं लिहिलेलं उत्तर त्याच्या हयातीत छापता आलं नाही. ते हॉलंडमध्ये १६१२ साली छापलं गेलं, तो मेल्यानंतर ४९ वर्षांनी. त्यातलं वाक्य सगळीकडं पोचलं आहे, तरी इथं द्यायलाच हवं : माणसाला मारणं म्हणजे सिद्धान्ताचं रक्षण करणं नव्हे, माणसाला मारणं म्हणजे माणसाला मारणं.

हा माणूस सोळाव्या शतकातलाच होता. कॅल्व्हिनहून सहा वर्षांनी लहान, तेच लॅटिन आणि तेच शास्त्र वाचणारा. श्पायरला निषेध करणाऱ्या सहा राजांपैकी हेसचा फिलिप यानंही त्या फर्मानाखाली आपल्या राज्यात विश्वासापायी कुणाला मारू दिलं नाही. समजावलं, कैदेत टाकलं, हद्दपार केलं, पण मारलं नाही. आणि सगळ्यात मोठा साक्षीदार १५२३ मधला ल्यूथर. जे वाक्य माणसानं स्वतः लिहिलं, ते त्याला त्याच्या काळामुळं सुचू शकत नव्हतं, असं आपण कसं म्हणणार? सत्ता विरोधात असताना ते त्याला सुचलं होतं. सत्ता बाजूनं आली तेव्हा ते त्यानं मागं टाकलं. मी याला शतकाची चूक म्हणणार नाही. ही निवड होती.

यावर एक आक्षेप मला गंभीर वाटतो. छळलेली माणसंही सत्ता मिळाल्यावर तशीच वागतात, त्याचं काय? म्युन्स्टर शहर १५३४ मध्ये पुनर्बाप्तिस्मावाल्यांच्याच एका गटाच्या हाती गेलं. ज्यांनी बाप्तिस्मा नाकारला त्यांना त्यांनी थंडीच्या कडाक्यात बाहेर हाकललं. लायडनचा यान राजा होऊन बसला आणि विरोध करणाऱ्यांची मुंडकी उडवली. शहर पडल्यावर तीन पुढाऱ्यांची प्रेतं ज्या लोखंडी पिंजऱ्यांत टांगली, ते पिंजरे सेंट लांबर्ट चर्चच्या मनोऱ्यावर अजून आहेत. आक्षेप खरा आहे, पण त्यानं माझा मुद्दा पडत नाही. बिघाड या पंथात किंवा त्या पंथात नव्हता. धर्मोपदेशकाच्या हाकेला शिपाई धावून येतो, त्या व्यवस्थेत तो होता. मान्त्सचे उरलेले साथीदार, आणि म्युन्स्टरनंतर मेनो सायमन्सच्या मागं गेलेले लोक, यांनी तलवारच हातात घ्यायची नाही असं ठरवलं. इतक्या रक्तपातातून ज्यांना नेमका धडा समजला असे ते लोक होते.

राजांना मात्र दुसराच तोडगा सापडला. १५५५ च्या आउग्सबुर्ग तहानं ठरलं की ज्याचं राज्य त्याचा धर्म. राजा ल्यूथरपंथी तर प्रजा ल्यूथरपंथी, राजा कॅथलिक तर प्रजा कॅथलिक. पटत नसेल त्यानं घरदार विकून बाहेर पडावं. कॅल्व्हिनच्या अनुयायांना त्यात जागाच नव्हती, ती मिळायला तीस वर्षांचं युद्ध होऊन १६४८ उजाडावं लागलं.

हे तत्त्व आपल्या दारापर्यंत आलं होतं. साष्टी, बारदेश, तिसवाडी पोर्तुगिजांच्या हाती, १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड शोधून शिक्षा देणारं धर्मन्यायालय, बसलेलं, आणि युरोपात कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या परिषदेनंतर कॅथलिक सत्तांना चढलेला जोर. कुशस्थळीचा मंगेश नदी ओलांडून प्रियोळला आला आणि केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आली, कारण पलीकडं राज्य दुसऱ्याचं होतं. कुलदेवतेला जाणाऱ्या कितीतरी मराठी-कोकणी कुटुंबांच्या आठवणीत हे स्थलांतर आहे. आउग्सबुर्गच्या तहात लिहिलेला ‘बाहेर पडा’ हा पर्याय प्रत्यक्षात कसा दिसतो, ते बघायला आपल्याला जर्मनीपर्यंत जावं लागत नाही.

त्याच गोव्यात १५७९ साली थॉमस स्टीफन्स उतरला. एलिझाबेथच्या इंग्लंडमध्ये कॅथलिक म्हणून जगणं अवघड झालं, म्हणून त्यानं देश सोडला आणि रोममध्ये जेझुइट झाला, म्हणजे त्या नावाच्या कॅथलिक धर्मसंघात दाखल झाला. दोनच वर्षांनी, १५८१ मध्ये, लंडनमध्ये एडमंड कॅम्पियन या जेझुइटाला फासावर चढवून त्याचं शरीर चिरलं गेलं. स्टीफन्स मागं राहता तर कदाचित तोही त्याच वाटेनं गेला असता. तो इथं आला, मराठी शिकला, आणि राचोलला १६१६ मध्ये त्याचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं, जवळजवळ ११ हजार ओव्यांचं. मराठीवर इतकं प्रेम करणाऱ्या या माणसाला मी मनापासून मानतो. तरीही हे डोळ्यांआड करता येत नाही की ज्या जबरीपासून तो इंग्लंडमध्ये सुटला, तिच्याच दुसऱ्या रूपाच्या आश्रयानं तो साष्टीत राहिला. तिकडं राणी प्रोटेस्टंट होती, इकडं राजा कॅथलिक, एवढाच फरक.

सहनशीलता कायद्यात उतरली ती कुठं, हेही पाहावं. १५६८ मध्ये ट्रान्सिल्व्हेनियातल्या टोर्डाच्या सभेनं म्हटलं की श्रद्धा ही देवाची देणगी आहे, उपदेशकानं आपल्या समजुतीप्रमाणं उपदेश करावा आणि त्यासाठी कुणाला त्रास होऊ नये. १५७३ मध्ये पोलंडच्या सरदारांनी वॉर्साला एकमेकांना वचन दिलं की धर्मभेदावरून रक्त सांडणार नाही. आदल्याच वर्षी पॅरिसमध्ये सेंट बार्थोलोम्यूच्या दिवशी झालेली प्रोटेस्टंटांची कत्तल त्यांच्या डोळ्यांसमोर होती. ल्यूथर, झ्विंग्ली किंवा कॅल्व्हिन यांच्या गावात हे घडलं नाही. जिथं कुणा एका पंथाला बाकीच्यांना चिरडणं शक्य नव्हतं, तिथं ते घडलं. टोर्डाच्या ठरावामागं ज्याची प्रेरणा होती तो फेरेंत्स डाविड, राज्यकर्ता बदलल्यावर, ‘नवीन’ मत मांडल्याच्या आरोपाखाली देवाच्या किल्ल्यातल्या तुरुंगात १५७९ मध्ये मेला. देवा हे तिथल्या गावाचं नाव आहे.

म्हणून रानड्यांची तुलना वाचताना मी अलीकडं थबकतो. आपल्या संतांची चळवळ त्यांनी या सुधारणेशेजारी ठेवली ती देवभाषेची मक्तेदारी मोडणं आणि जातीच्या पलीकडं जाणं या गुणांसाठी, आणि तेवढ्यापुरती ती पटतेही. पण युरोपातल्या सुधारकांच्या हाती जशी नगरसभा आली, तसा तुकोबांच्या हाती कुठलाही कोतवाल आला नाही. ज्ञानेश्वरांपासून तुकोबांपर्यंत आपले संत ल्यूथरच्या नव्हे, मान्त्सच्या बाजूला उभे होते, गावानं टाकलेल्यांच्या. तुलना करायचीच तर तिथं करावी. पाठ्यपुस्तकातल्या त्या दोन पानांत ल्यूथरच्या चित्राशेजारी कॅस्टेलियोला चार ओळींची जागा मिळाली, तरी मुलांना पुष्कळ कळेल.

झुरिकमध्ये लिमातच्या काठावर २००४ साली एक पाटी बसवली गेली. त्या वेळी तिथल्या रिफॉर्म्ड चर्चनं, म्हणजे झ्विंग्लीच्याच चर्चनं, मान्त्सच्या परंपरेतल्या लोकांना बोलावून जाहीरपणे सांगितलं की तो छळ म्हणजे सुवार्तेशी केलेली प्रतारणा होती आणि आमचे पूर्वज त्यात चुकले. १९०३ च्या दगडानं जे शतकावर ढकललं होतं, ते इथं वंशजांनी आपल्या पूर्वजांच्या नावावर मान्य केलं. पाटीवर थोडाच मजकूर आहे : इथं नदीच्या मध्यावर फेलिक्स मान्त्स आणि आणखी पाच जणांना १५२७ ते १५३२ च्या दरम्यान बुडवण्यात आलं, पुनर्बाप्तिस्मावाल्यांपैकी झुरिकमध्ये शेवटचा मृत्युदंड झाला तो हान्स लांडिस याला, १६१४ मध्ये.